होस्टवाल्या पद्माक्का

पद्माक्कांना होस्ट सोडावे लागले, त्या दिवशी त्यांच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो. हे मी त्यांनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "सरी अण्णा. तुम्ही नव्हता म्हणून बरं." सरी म्हणजे कन्नडात ठीक आहे. त्यांच्या बाजूने विषय तिथे संपला. मी मात्र तेव्हापासून तो कोणाला ना कोणाला सांगत आलो आहे. आता लिहूनच टाकतो, म्हणजे निदान बायको तरी सुटेल.

बंगळूरला, आमच्या हेब्बाळच्या ऑफिसात एक लॅब होती. लॅब म्हणजे काचेच्या भिंतीआड, थंडगार हवेत, कपाटांतून रचून ठेवलेले मोठाले संगणक. त्यांना होस्ट म्हणत. एकेका होस्टच्या पोटात कितीतरी लटके संगणक चालत. त्यांना स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही, डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण काम खऱ्यासारखंच करतात. आम्ही त्यांना नुसतं मशीन म्हणत असू. आपल्या मशीनशी बोलायचं तर नेटवर्कवरचा त्याचा पत्ता ठाऊक हवा. हा पत्ता मशीनला सुरू होताना आपोआप मिळतो आणि ते तो आतल्या आत ठेवून घेतं. म्हणजे आत गेल्याशिवाय पत्ता कळत नाही, आणि पत्त्याशिवाय आत जाता येत नाही. या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत पद्माक्कांचं टेबल होतं.

पूर्ण नाव पद्मावती माने. घराणं मूळचं मराठी, पण बंगळूरला कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. एकदा मी पुणेरी उत्सुकतेने विचारलं, तर म्हणाल्या, "आलो म्हणून कोण सांगितलं? आम्ही इथलेच. आले तुम्ही." यशवंतपूरला राहतात, बसने येतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. घराविषयी त्या बोलत नसत आणि दुसऱ्याच्या घराविषयी विचारत नसत. सुती साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि लॅबमधल्या गारठ्यासाठी साडीवर पुरुषाचा तपकिरी स्वेटर. एप्रिलच्या उकाड्यातही त्या स्वेटर घालूनच जेवायला बसत. कोणी विचारलं तर सांगत की काढघाल करण्यात वेळ जातो.

मी पुण्याहून बदलून आलो त्याच आठवड्यात मला त्यांच्यापुढे उभं राहावं लागलं. मशीन मिळालं होतं, पत्ता नव्हता. माझी पाळी आल्यावर मी सवयीने आधी सॉरी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"तुम्हाला त्रास देतोय म्हणून."

"अजून दिला कुठे? मशीनचं नाव सांगा."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मशीनचा पत्ता होस्टला ठाऊक नसतो, कारण पत्ता देणारा वेगळा असतो. पण प्रत्येक मशीनला नेटवर्कचं एक कार्ड असतं, आणि त्या कार्डाचा नंबर होस्टनेच दिलेला असतो. तेव्हा तो नंबर घ्यायचा आणि पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या यादीत बघायचं, की या नंबराला कुठला पत्ता दिला. हे सांगतासांगता त्यांनी शोधलासुद्धा. मी तो पत्ता घेऊन जागेवर गेलो आणि उत्साहाने मशीन रीस्टार्ट केलं. रीस्टार्ट झालं ते संकेतचं. संकेत हा नागपूरचा पोरगेलेसा इंजिनीअर, आणि त्याची आदल्या दिवसापासून चाललेली चाचणी शेवटाला आली होती. माझ्या मशीनने तो पत्ता कधीच सोडला होता आणि तो फिरून संकेतच्या मशीनला गेला होता. यादीत मात्र जुनी नोंद तशीच राहिली होती.

मी संकेतची माफी मागितली. कॉफी आणून दिली आणि पुन्हा मागितली. जेवताना मागितली. शेवटी तो म्हणाला, सर, आता मला अपराधी वाटायला लागलंय. पद्माक्का मात्र त्याच्या टेबलापाशी आल्या, उभ्याउभ्या म्हणाल्या, "चूक माझी. यादी बघून सांगितलं, हाक मारली नाही," आणि परत गेल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला ते जरा कोरडं वाटलं होतं.

हाक म्हणजे काय, ते त्या दिवशी दुपारी कळलं. जेवढे म्हणून पत्ते असू शकतात त्या सगळ्यांवर एकेक छोटासा निरोप धाडायचा. जे जागं आहे ते उत्तर देतं. उत्तर आलं की कुठल्या कार्डाने कुठल्या पत्त्यावरून ओ दिली हे होस्टच्या ध्यानात राहतं. पद्माक्कांच्या शब्दांत, "यादी काल कोण होतं म्हणून सांगते. गल्लीत उभं राहून हाक मारली की आज कोण आहे ते कळतं. दार उघडायचं काम नाही."

दार न उघडण्यावर त्यांचा फार भर होता. प्रत्येक मशीनच्या आत एक छोटा प्रोग्राम बसवून ठेवता येतो. मग होस्टने विचारायचं आणि त्याने आतून पत्ता सांगायचा. सगळीकडे असंच करतात. पण तो प्रोग्राम पत्ता सांगतो तसा इतरही बरंच काही करू शकतो. फायली वाचू शकतो, आत हवी ती आज्ञा चालवू शकतो. म्हणून पद्माक्का एक दिवस प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन विचारत फिरल्या: तुमच्या मशीनमध्ये माझा एक माणूस ठेवू का? पत्ता विचारला तर सांगेल, बाकी मी त्याला काही विचारणार नाही. बहुतेकांनी मान न वर करता हो म्हटलं. काही जण नको म्हणाले, त्यांच्याकडे त्यांनी बसवला नाही आणि का नको तेही विचारलं नाही. आमचे नवे डायरेक्टर मल्होत्रा यांना हे कळल्यावर ते चक्रावले. होस्ट कंपनीचे, मशीनं कंपनीची, मग परवानगी कसली? पद्माक्कांनी सांगितलं की त्यांच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत. घर आमचं आहे म्हणून भाडेकरूचं कपाट उघडत नाही. कोण घरी आहे ते दाराबाहेरच्या चपलांवरून कळतं. मल्होत्रांना चपलांचा संबंध कळला नाही. पत्ते वेळेवर मिळत होते, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

माणूस एवढा काटेकोर असला की दुसऱ्यांना चुका करायला भीती वाटते, आणि भीतीने चुका होतात. लॅबमधली नेहमीची चूक म्हणजे नकलेची. नवं मशीन बनवायचं तर कोणी मुळापासून बनवत नाही, तयार मशीनची नक्कल करतात. नक्कल केली की कार्डाचा नंबर नवा मिळतो, पण मशीनच्या आत त्याची एक ओळख लिहिलेली असते, ती जुनीच राहते. ती हाताने पुसावी लागते. पुसायची राहिली तर पत्ते वाटणारा सर्व्हर फसतो. त्याला वाटतं हे ते आधीचंच, आणि तो दोघांनाही एकच पत्ता देतो. मग हाक मारली की कधी हे ओ देतं, कधी ते. ज्याच्याकडून अशी चूक होई त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या लॅबला केसरीबात, म्हणजे इकडचा केशरी शिरा, खिलवायचा, असा पद्माक्कांनी घातलेला दंड होता. संकेतने तो एवढ्या वेळा भरला, की कोपऱ्यावरच्या दर्शिनीचा, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलचा, मालक त्याला बघूनच डबा भरायला घेई. पद्माक्का स्वतःचा वाटा खाऊन म्हणत, "गोड जास्त झालंय. ओळख पुसायला शिका."

त्यांच्यावर ही पाळी कधी आली नव्हती. येईल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मल्होत्रांनी आल्याआल्या एक नियम केला होता. लॅबमधल्या प्रत्येक मशीनला कंपनीचं काम असलं पाहिजे. कोणी खाजगी कामाला मशीन चालवताना सापडला तर मशीन बंद, आणि त्याचा लॅबचा प्रवेशही बंद. नियम मल्होत्रांचा, पण पाळून घेणाऱ्या पद्माक्का. एका मुलाने क्रिकेटच्या पैजांचा हिशेब ठेवायला मशीन वापरलं होतं. त्याने त्यांच्यापुढे हात जोडले. त्या म्हणाल्या की दया दाखवायचा अधिकार मला दिलेला नाही, नियम पाळायचा दिलाय. त्याचा प्रवेश गेला. त्याच्या बाजूने मी थोडी रदबदली करायला गेलो, तर मला म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सगळ्यांसाठी वाईट वाटून घेता. त्याचा काय उपयोग?" मी सॉरी म्हणालो.

अशा माणसाला लॅब म्हणजे काय होती हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. सकाळी आल्यावर त्या आधी काचेआड जात, प्रत्येक कपाटासमोर थोड्या थांबत आणि मग बाहेर येऊन पर्स ठेवत. बढती देऊ करून त्यांना वरच्या मजल्यावर बसायला सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, होस्ट वर नेणार का? नाही म्हटल्यावर त्या गेल्या नाहीत.

सुषमा त्या सुमाराला बाळंतपणाच्या रजेवरून परतली. मूळची पुण्याची, कामाला चांगली, पण रजेत तिचा प्रोजेक्ट संपला होता. मल्होत्रांनी तिला काम न देता बसवून ठेवलं होतं. तिचं काय करायचं ते महिनाअखेर ठरणार होतं, आणि काय ठरणार याचा अंदाज सगळ्यांना होता. दूध काढायला तिला ऑफिसात जागा नव्हती. पद्माक्कांनी लॅबमागच्या केबल ठेवायच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली, आतून कडी आहे एवढं सांगितलं, आणि संकेतला बजावलं की केबल हवी असेल तर आधी माझ्याकडे यायचं. ही गोष्ट ऑफिसभर झाली. पद्माक्का तिला पाठीशी घालतात, असं लोक म्हणू लागले.

मग डेमोचा दिवस उजाडला.

परदेशातला एक ग्राहक पडद्यावर होता. मल्होत्रा त्याला यंत्रांच्या प्रकृतीवर नजर ठेवणारं आमचं नवं उत्पादन दाखवत होते, आणि मी शेजारी बसून माना डोलवत होतो. त्यांनी पान उघडलं, हिरवे-निळे आलेख आले. आकडे ताजे करायला त्यांनी पान पुन्हा मागवलं, तर आलेख गेले आणि पांढऱ्या पानावर इंग्रजीत चार ओळी आल्या. खाल्लं: हो. झोप: थोडी. शी: झाली. रडणं: नाही.

पुन्हा मागवलं, आलेख. पुन्हा मागवलं, शी झाली.

ग्राहकाने शांतपणे विचारलं की हे कुठल्या यंत्राच्या प्रकृतीचं आहे. मल्होत्रा म्हणाले, ते पुढच्या आवृत्तीत येणार आहे. ग्राहकाने लिहून घेतलं.

मल्होत्रांनी कॉल बंद केला. मग म्हणाले, बाळ कोणाचं आहे हे विचारायची गरज नाही. मलाही तेच वाटलं, हे इथे सांगून टाकतो. डेमोचं मशीन एरवी बंद असे. त्याची कोणीतरी नक्कल केली होती, ओळख पुसली नव्हती, आणि आज दोन्ही एकदम जागी होती. एवढं मलाही कळत होतं. त्यांनी मला सुषमाला आणि पद्माक्कांना बोलावून आणायला पाठवलं.

सुषमाला निरोप देऊन मी पद्माक्कांकडे गेलो आणि काय झालं ते सांगितलं. पानावरच्या चार ओळी सांगितल्या तेव्हा त्यांचा हात कळफलकावरच राहिला. मग त्यांनी स्वेटरची बटणं लावली आणि माझ्याबरोबर निघाल्या. बोळात थांबून म्हणाल्या, "अण्णा, ते माझं मशीन. आता होस्ट जातील."

मी म्हणालो की कोणाला कळणार आहे? तुम्हीच शोधणार, तुम्हीच सांगणार.

"आणि सुषमा?"

मी नुसता अपराधी चेहरा केला, तो मला चांगला येतो.

खोलीत सुषमा उभी होती. मल्होत्रा तिला विचारत होते आणि ती नाही म्हणत होती, आणि प्रत्येक नाहीला तिचा आवाज बारीक होत होता. तिने खरं सांगून टाकलं तर पुढे बघता येईल, असं ते तिला समजुतीच्या सुरात सांगत होते. पद्माक्का दारातूनच म्हणाल्या, "सर, ते मशीन माझं आहे."

मल्होत्रा हसले. वाईट हसणं नव्हतं ते. तुमचं मन मोठं आहे हे मला माहीत आहे, म्हणाले. किल्लीचंही माहीत आहे. पण नक्कल करून ओळख पुसायला विसरतील त्या पद्मा माने नव्हेत. यांच्या दंडाचा केसरीबात मीसुद्धा खाल्लाय.

पद्माक्कांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त त्यांची हिंदी एकदम कन्नड वळणाची झाली. मी दया करत नाही, म्हणाल्या, मी सांगतेय. मल्होत्रा मान हलवत राहिले. वर्षानुवर्षं चूक न केल्याचा हा परिणाम होता. त्यांची चूक कोणी खरी मानायला तयार नव्हतं.

तेव्हा त्या मल्होत्रांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या, म्हणाल्या, "बरं. होस्टवरून दाखवते."

त्यांनी समोरच्या पडद्यावर होस्ट उघडला. एका पत्त्यावरून दोन कार्डं ओ देत होती, ती दोन्ही दाखवली. एक नंबर डेमोच्या मशीनचा. ते त्यांनी बंद केलं, म्हणजे गोंधळ नको. उरलेल्या नंबराचं मशीन होस्टच्या यादीत शोधलं. त्याचं नाव होतं 'तात्पुरतं', जसं निम्म्या मशीनांचं असतं. आत शिरून बघू या, मल्होत्रा म्हणाले. गरज नाही, त्या म्हणाल्या, मालक कोण ते बाहेरून कळेल. त्या कार्डावर कोण येतं-जातं त्याच्या ओळी पडद्यावर सरकायला लागल्या. एकाच पत्त्यावरून, थोड्याथोड्या वेळाने, कोणीतरी त्या मशीनकडे येत होतं.

त्यांनी सुषमाला तिचा लॅपटॉप बंद करायला लावला. ओळी येतच राहिल्या.

मग मला सांगितलं की माझ्या टेबलावर जा, तिथे पान उघडं आहे, ते पुन्हा मागवा. सर इथे बघतील.

मी गेलो. त्यांच्या पडद्यावर ते पांढरं पान होतं. सकाळच्या ओळी वर, खाली दुपारची ओळ रिकामी. मी पान पुन्हा मागवलं आणि आता परत जावं की थांबावं असा विचार करत असताना शेजारी ठेवलेला त्यांचा फोन वाजायला लागला. दुसऱ्याचा फोन घेऊ नये हे मला कळतं. तो वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. मी घेतला.

पलीकडे एक बाई होती. मी कोण हे तिने विचारलंच नाही. "अक्का, तात ऊट माडलिल्ला," ती म्हणाली. आजोबा जेवले नाहीत. तोंडच उघडत नाहीत, सकाळचं औषधही थुंकून टाकलं, पाणीसुद्धा घेत नाहीत. एवढं कन्नड मला येत होतं. मी सॉरी म्हणालो. अक्कांना सांगतो म्हणालो. फोन ठेवल्यावर माझ्यासमोर दुपारची ओळ रिकामी होती. खाल्लं, आणि पुढे चौकोन. मी का लिहिलं ते मला सांगता येत नाही. समोर फॉर्म असला की मी भरतो. मी 'नाही' लिहिलं आणि कळ दाबली.

परत खोलीत आलो तर सगळे पडद्याकडे बघत होते. मल्होत्रांनी पान मागवलं होतं आणि त्यांच्यासमोर नवी ओळ आली होती. खाल्लं: नाही.

हे तू लिहिलंस? त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो, सॉरी म्हणालो. नाही का लिहिलंस? मी फोनचं सांगितलं. सांगताना पद्माक्कांकडे बघितलं नाही.

"बाळ नाही ते," पद्माक्का म्हणाल्या. "माझे सासरे." मग मल्होत्रांना विचारलं, "मी घरी जाऊ का?"

मल्होत्रांनी मान हलवली. त्या निघाल्या, दारातून परत फिरल्या, होस्टमधून बाहेर पडल्या, म्हणजे कंप्यूटरवर, आणि मग गेल्या. सुषमा इतका वेळ उभी होती, ती खाली बसली. मल्होत्रा पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पान पुन्हा मागवलं. काही बदललं नव्हतं.

पुढची माहिती आम्हाला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, पद्माक्कांकडून नव्हे. सासरे पूर्वी शिंपीकाम करत. आता त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं. नवरा दुकानात, दिवसा सांभाळायला एक बाई. ती बाई ठरल्या वेळी फोन करी आणि पद्माक्का त्या पानावर भरत. औषध दोनदा दिलं जाऊ नये, जेवण चुकू नये म्हणून. डेमोच्या मशीनची नक्कल त्यांनी घाईत केली होती. घाई कसली होती ते कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबबाहेरच्या टेबलावर स्टीलचा मोठा डबा होता. केसरीबात, घरी केलेला, वर काजू. कोणी हात लावेना. संकेत तर डब्याकडे पाठ करून बसला. अकराच्या सुमाराला मल्होत्रा खाली आले, द्रोणात वाढून घेतला, तिथेच उभं राहून खाल्ला, आणि पद्माक्कांना विचारलं, "आज जेवले?"

"दोन घास."

मल्होत्रांनी मान हलवली. मग म्हणाले की नियमाचं काय करायचं ते मला कळत नाहीये. माणूस म्हणून ते प्रामाणिक होते, हे मला मान्य करावं लागतं. पद्माक्का म्हणाल्या, कळत नाही असं काय त्यात. मी दुसऱ्या कोणाला ठेवलं नसतं. क्रिकेटवाल्या मुलाला काय सांगू?

मी मध्ये पडलो. म्हणालो, ही परिस्थिती निराळी आहे. पद्माक्का माझ्याकडे वळल्या. "प्रत्येकाची निराळीच असते अण्णा. म्हणून तर नियम एक करतात."

त्यांनी होस्ट सुषमाकडे द्यावेत असं स्वतःच सुचवलं. मल्होत्रांनी ते मान्य केलं, सुषमाला काम मिळालं. तिचं काय करायचं हा प्रश्नही त्याबरोबर मिटला. हे पद्माक्कांनी आधीच धरून ठेवलं होतं की तिथल्या तिथे सुचलं, ते मला माहीत नाही. पासवर्ड बदलताना सुषमा कळफलकावर होती आणि पद्माक्का शेजारी, पाठ करून बसल्या होत्या. सुषमा रडत होती. पद्माक्का भिंतीकडे तोंड करून तिला म्हणाल्या, रडताना टाइप करू नकोस, चुकीचं पडलं तर मलाही उघडता येणार नाही. 'तात्पुरतं' त्यांनी त्याआधी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

त्या माझ्या टीममध्ये आल्या. चाचण्या तपासायचं काम दिलं. काचेच्या भिंतीपासून दूर, खिडकीपाशी टेबल. स्वेटर त्यांनी पहिल्या दिवशी सवयीने घातला होता, दुसऱ्या दिवशी आणला नाही. नोंदी ठेवायला पान राहिलं नव्हतं. फोन आला की त्या ऐकत, हं म्हणत, आणि खिडकीबाहेर बघत मनात ठेवून घेत.

त्यांना आता मशीनचा पत्ता हवा असला की सुषमाकडे जावं लागे. रांग असली तर त्या रांगेत उभ्या राहत. सुषमा उठून उभी राहायला लागली, तर सांगत की बस, मागचे खोळंबतील. एकदा मी त्यांच्या मागेच होतो. सुषमाने यादीत बघितलं, पत्ता कागदावर लिहून दिला. पद्माक्कांनी तो वाचला आणि हलल्या नाहीत. सुषमाने वर बघितलं, कागद परत घेतला, हाक मारली. वेगळा पत्ता निघाला. "सरी," पद्माक्का म्हणाल्या आणि गेल्या. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. जागेवर जाऊन तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, बरोबर शोधला की तिने. वाईट काय त्यात?

मल्होत्रा रोज अकराला खाली येत आणि तोच प्रश्न विचारत. त्या एका शब्दात उत्तर देत. पावसाळ्याच्या शेवटी उत्तरं लहान होत गेली. मग एक दिवस पद्माक्कांनी राजीनामा दिला. कारणाच्या जागी 'घरी काम' असं लिहिलं होतं. मल्होत्रांनी रजा घ्या, पगारी घ्या, असं बरंच सांगून पाहिलं. निरोपाचा केक त्यांनी नको म्हणून आधीच कळवलं होतं, त्यामुळे संकेतने आणलेला केक आम्ही त्या गेल्यावर कापला.

शेवटच्या दिवशी त्या वेळेवरच निघाल्या. मी गाडी घेऊन बाहेर पडलो तेव्हा उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर, बसथांब्यापाशी त्या उभ्या दिसल्या. एका हातात टेबलावरची झाडाची कुंडी, दुसऱ्या हाताने फोन कानाला. मी गाडी त्यांच्यापाशी घेतली आणि काच खाली करून म्हणालो, पद्माक्का, बसा, यशवंतपूरला सोडतो. मला त्याहून बरंच काही बोलायचं होतं. वाटेत बोलीन असं ठरवलं होतं.

त्या फोनवर कन्नडमध्ये सांगत होत्या. भात आणखी मऊ कर. स्वल्पच घे, चमच्याच्या टोकावर. जेवता का म्हणून विचारू नकोस त्यांना. नुसता ओठाला लाव आणि थांब. ते उघडतात आपले आपण. घाई करू नकोस, मी आहे फोनवर.

माझ्याकडे न बघता त्यांनी कुंडी खाली ठेवली आणि एक बोट वर केलं. थांबा.

मागच्या कॅबवाल्याने हॉर्न दाबून धरला. त्याच्यामागे विमानतळाची बस होती, तिनेही धरला. मी हात बाहेर काढून त्यांची माफी मागितली, पण तिथे थांबता येण्यासारखं नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर आरशात बघितलं. पद्माक्का फोन कानाशी धरून गप्प उभ्या होत्या, पलीकडच्या घासाची वाट बघत, आणि बोट अजून वरच होतं.